निविदेत एक रकाना वाढवा: कॅप्सूलमधली पावडर कुठून आली?

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण, मुंबई

विषय: सरकारी औषधखरेदीत कच्च्या मालाच्या उगमाची नोंद व्हावी आणि देशात बनलेल्या मालाला हमीची मागणी मिळावी याबाबत

सविनय नमस्कार.

२०२३ च्या कायद्यानं आपलं प्राधिकरण उभं राहिलं आणि राज्यातल्या सरकारी दवाखान्यांसाठी गोळ्या, इंजेक्शनं, सलाइन कुणाकडून आणि काय भावानं घ्यायची हा निर्णय आपल्याकडे आला. सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात खिडकीवर मिळणारी अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल असो की नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता टोचलेलं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन असो, ते तिथवर पोचणार की नाही हे बऱ्याच अंशी निविदेच्या कागदावर ठरतं. मी नोकरीत असताना ज्या सरकारी निविदा भरल्या, त्यांत कारखान्याचा परवाना, उलाढाल, जीएमपीचं, म्हणजे चांगल्या उत्पादनपद्धतीचं, प्रमाणपत्र, तपासणीचे अहवाल सगळं जोडावं लागे. कॅप्सूलमधली पावडर कोणत्या देशात, कोणत्या कारखान्यात बनली याला मात्र भाव ठरवताना काही किंमत नसे. या प्रश्नाला किंमत द्या, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम औषध कारखान्यात मी खरेदी विभागात काम केलं आणि तिथूनच निवृत्त झाले. सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात औषधांचे बरेच कारखाने आहेत. काही बहुराष्ट्रीय, काही देशी, काही दुसऱ्यांच्या नावानं माल बनवून देणारे थर्ड पार्टीवाले. यांतल्या बहुतेक ठिकाणी चालतं ते फॉर्म्युलेशनचं, म्हणजे तयार पावडरीपासून गोळ्या-कॅप्सूल बनवण्याचं काम. पावडर ड्रममधून येते, क्वारंटाइनमध्ये थांबते, क्यूसीवाले, म्हणजे गुणवत्ता तपासणारे, सॅम्पल काढतात, माल पास झाला की हिरवं लेबल लागतं आणि ड्रम डिस्पेन्सिंगला जातो. पुढे मिसळणं, ग्रॅन्युलेशन, गोळ्या पाडणं किंवा कॅप्सूल भरणं, ब्लिस्टर, खोकं. हे जोखमीचं काम आहे आणि नाशिकची माणसं ते उत्तम करतात. पण औषधाचा गुण असतो त्या पावडरीत, एपीआयमध्ये, आणि ती इथे बनत नाही. कधी ती हैदराबाद किंवा अंकलेश्वरहून येते, कधी थेट चीनमधून न्हावा शेवाला उतरते. हैदराबादहून आली तरी तिच्यामागचं रसायन, ज्याला आम्ही केएसएम म्हणतो, ते बऱ्याचदा चीनचंच असतं. साध्या पॅरासिटामॉलचंच बघा. ते आपल्याकडे भरपूर बनतं, पण त्यासाठी लागणारं पॅरा-अमिनोफिनॉल वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणात चीनमधून येत आलं आहे.

२०२४-२५ मध्ये भारतानं सुमारे ३० अब्ज डॉलरची औषधं परदेशी पाठवली. नगांच्या हिशोबानं आपण जगात तिसरे. आफ्रिकेतले कित्येक देश आपल्या गोळ्यांवर जगतात. २००१ मध्ये सिप्लानं एड्सवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा डोस ३५० डॉलरला देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. हा अभिमान खराच आहे. पण याच देशात आयात होणाऱ्या बल्क ड्रगपैकी, म्हणजे अशा पावडरीपैकी, दोन तृतीयांशाहून जास्त माल एकट्या चीनचा असतो, आणि किण्वनातून, म्हणजे टाकीत सूक्ष्मजीव वाढवून, तयार होणाऱ्या अँटिबायोटिकांच्या मूळ मालात तर आपण अगदी अलीकडेपर्यंत जवळजवळ पूर्णपणे त्यांच्यावरच विसंबून होतो.

याचा अर्थ काय होतो ते २०२० च्या फेब्रुवारीत आमच्या विभागानं अनुभवलं. चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर तिकडचे कारखाने उघडलेच नाहीत. मुंबईचे व्यापारी सकाळी एक भाव सांगत आणि दुपारी तो मागे घेत. भिवंडीच्या गोदामात माल आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो कुणी सोडत नव्हतं. पॅरासिटामॉलचा भाव चाळीस टक्क्यांनी आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनचा सत्तर टक्क्यांनी चढल्याचं झायडसचे अध्यक्ष पंकज पटेल यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं. ३ मार्चला केंद्रानं पॅरासिटामॉल, मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, बी-१, बी-६, बी-१२ अशा २६ एपीआय आणि त्यांच्या औषधांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. जगाला औषधं पुरवणाऱ्या देशाला पॅरासिटामॉल अडवून धरावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानच्या चकमकीनंतर चिनी माल बंदरांवर तपासणीसाठी अडकून पडला आणि औषध कंपन्यांना आपला माल सोडवण्यासाठी सरकारकडे धाव घ्यावी लागली. सीमेवर काय होईल ते सातपूरच्या खरेदी विभागाच्या हातात नसतं, पण त्याची झळ चौथ्या दिवशी आमच्या टेबलावर येते.

आपण नेहमीच असे नव्हतो, हे मला आवर्जून सांगायचं आहे. नाशिकपासून दोनशे किलोमीटरवर पिंपरीला १९५४ साली भारत सरकारनं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी केली. सार्वजनिक क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. स्वातंत्र्याला दहा वर्षं व्हायच्या आत आपण पेनिसिलिन स्वतः बनवू लागलो होतो. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी हमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं आणि पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिन दिलं. १९६१ मध्ये आयडीपीएल ही सरकारी औषध कंपनी स्थापन झाली आणि सोव्हिएत मदतीनं हृषिकेशला अँटिबायोटिकांचा, हैदराबादला रासायनिक औषधांचा मोठा कारखाना उभा राहिला. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूला पेटंट नाकारलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला दिलं, आणि तेही थोड्या वर्षांचं. त्या कायद्याच्या आडोशानं आपले रसायनतज्ज्ञ तयार झाले. आज हैदराबादच्या औषधनगरीत जी ताकद दिसते तिचं मूळ आयडीपीएलमध्ये शिकून बाहेर पडलेल्या माणसांत आहे.

आणि मग आपण ते हातचं घालवलं. पेनिसिलिन जी बनवणं म्हणजे बुरशी वाढवणं. भल्या मोठ्या टाकीत ग्लुकोज, मक्याचं सत्त्व आणि निर्जंतुक हवा देत ती आठवडाभर सांभाळावी लागते. कॉम्प्रेसर रात्रंदिवस चालतात, तापमान अंशानं चुकून चालत नाही, वीज गेली किंवा दुसरा जंतू शिरला की अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. म्हणजे या धंद्याचा कणा स्वस्त वीज, स्वस्त साखर आणि अवाढव्य आकार. १९९१ नंतर आयातशुल्क उतरत गेलं. चीननं नेमक्या या तीन गोष्टींवर सरकारी बळ लावलं आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या टाक्या उभारल्या. गुजरातेतले, तमिळनाडूतले, पिंपरीतले पेनिसिलिनचे प्रकल्प एकामागून एक थंडावले. पेनिसिलिन जी गेलं की त्यापासून बनणारं ६-एपीए जातं, ६-एपीए गेलं की अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन दोन्ही परक्याच्या हाती. सेफॅलोस्पोरिनसाठी लागणाऱ्या ७-एसीएची तीच कथा. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची जास्तीची जमीन विकायला आणि आयडीपीएल बंद करायला मंजुरी दिली.

सार्वजनिक कंपन्या गलथान होत्या, तोट्यात होत्या, हे मला मान्य आहे. त्या तशाच चालू ठेवायला हव्या होत्या असं मी म्हणत नाही. पण त्या गेल्यावर पेनिसिलिन कोण बनवणार, हा प्रश्न त्या वेळी सरकारनं कुणाला विचारला नाही. आमच्यासारख्या खरेदीवाल्यांनीही विचारला नाही, कारण किलोमागे दहा रुपये वाचवले की वर्षअखेरीस कौतुक होई. प्रत्येक जण आपापल्या टेबलावर बरोबरच वागत होता आणि सगळ्यांचं मिळून देशाचं नुकसान झालं.

हे नुकसान कुणाच्या अंगावर पडतं? घशाच्या साध्या संसर्गानंतर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि तो परत परत आला तर हृदयाच्या झडपा निकामी होतात. दाटीवाटीच्या घरात, गरिबीत हा आजार जास्त. त्याला रोखणारं मुख्य औषध जुनंच आहे: बेंझाथिन पेनिसिलिन. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं. त्याची पावडर बनवणारे कारखाने जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि बहुतेक चीनमध्ये. नफा इतका कमी की नव्यानं कुणी त्यात उतरत नाही. म्हणून अनेक देशांत ते मधूनमधून गायब होतं, आपल्याकडेही होतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक तालुक्यातल्या पाड्यावरून एक दिवसाची मजुरी बुडवून मुलाला घेऊन आलेल्या आईला ते आज नाही, पुढच्या महिन्यात बघू असं सांगावं लागणं हा माझ्या दृष्टीनं राष्ट्रीय सुरक्षेचाच प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं आठ औषधांच्या कमाल किमती थेट ५० टक्क्यांनी वाढवून दिल्या. त्यांत दहा लाख युनिटचं बेंझिल पेनिसिलिन होतं, स्ट्रेप्टोमायसिन होतं, दम्याचं साल्ब्युटामॉल होतं. कारण उघड होतं: त्या भावात कुणी बनवायलाच तयार नव्हतं. स्वस्ताईची एक पातळी अशी असते की तिच्याखाली औषध स्वस्त राहत नाही, ते मिळेनासंच होतं. केंद्राला हे मान्य करावं लागलं. निविदा काढताना आपणही ते लक्षात घ्यावं, अशी विनंती आहे.

केंद्रानं काहीच केलं नाही असंही नाही. डॉ. कटोच समितीनं २०१५ मध्ये बल्क ड्रगवर अहवाल दिला, ते वर्ष एपीआयचं वर्ष म्हणून जाहीरही झालं, पण ठोस पैसा आला तो कोविडच्या धक्क्यानंतर. मार्च २०२० मध्ये ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, ४१ मूळ उत्पादनांसाठी. त्याखाली आंध्रात काकिनाड्याजवळ अरबिंदोच्या उपकंपनीचा वर्षाला १५,००० टन क्षमतेचा पेनिसिलिन जीचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला, आणि हिमाचलात नालागढला अमॉक्सिसिलिनच्या जोडीला लागणाऱ्या क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचा. कित्येक वर्षांनी या देशात पुन्हा पेनिसिलिन तयार होऊ लागलं, ही बातमी वाचली तेव्हा मला जो आनंद झाला तो औषधाच्या धंद्याबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण आहे. पण इथे टाक्या सुरू झाल्या आणि चीनमधून येणाऱ्या मालाचे भाव उतरू लागले. यात नवल नाही, हीच रीत नव्वदच्या दशकात होती. नवा प्रतिस्पर्धी दमेपर्यंत भाव पाडायचे आणि तो थकला की पुन्हा चढवायचे. शिवाय किण्वनाच्या मालाला प्रोत्साहन सहाच वर्षांचं आहे. पहिली चार वर्षं विक्रीच्या २० टक्के, मग १५, शेवटी ५. २०२८-२९ नंतर काही नाही. त्यानंतर हा कारखाना टिकेल तो फक्त गिऱ्हाईक असेल तर.

देशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सरकार आहे, म्हणून मी हे पत्र दिल्लीला न लिहिता आपल्याला लिहिते आहे. २०२२ मध्ये तीन बल्क ड्रग पार्क गुजरात, हिमाचल आणि आंध्रला मिळाले आणि रायगडचा आपला प्रस्ताव मागे पडला, तेव्हा महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला. मला त्या वादात फारसा अर्थ वाटत नाही. पार्क कुठेही असो, त्यातला माल कोण विकत घेणार हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्राकडे आज, आत्ता आहे. ऑस्ट्रियासारख्या छोट्या देशानं २०२० मध्ये सँडोझच्या कुंडल इथल्या कारखान्यासाठी पाच कोटी युरो दिले, बदल्यात पुढची दहा वर्षं पेनिसिलिन तिथेच बनवण्याची हमी घेतली. त्यांनाही चीनचं स्वस्त मिळत होतं.

आता खर्चाचा हिशोब, कारण फाइल वर गेली की पहिला प्रश्न तोच येईल. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट सुमारे ५७४ मिलिग्रॅम जातं. म्हणजे एका किलोत साधारण १,७४० कॅप्सूल. समजा देशी पेनिसिलिनपासून बनलेल्या पावडरीला किलोमागे ३०० रुपये जास्त मोजावे लागले, तर एका कॅप्सूलवर सतरा पैसे वाढतात. दिवसाला तीन याप्रमाणे पाच दिवसांचा कोर्स पंधरा कॅप्सूलचा. अडीच रुपयांच्या आसपास. एका रुग्णामागे अडीच रुपये देऊन जर अमॉक्सिसिलिन पुढची वीस वर्षं कुणाच्या मर्जीवर राहणार नसेल, तर हा सौदा मी डोळे मिटून केला असता. खरेदीचं काम आयुष्यभर केलेली बाई हे सांगते आहे.

पण सगळ्यात कमी दर भरणारा एल-वन, त्यालाच पूर्ण ऑर्डर, आणि कंत्राट एखाद-दुसऱ्या वर्षाचं, अशी पद्धत असेल तर नाशिकचा फॉर्म्युलेशनवाला काय करेल? तो त्या आठवड्यात सगळ्यात स्वस्त ड्रम कुणाकडे आहे ते शोधेल. त्याला दोष देता येत नाही. पाच पैशांनी निविदा जाते. निविदेची पद्धतच त्याला न्हावा शेवाकडे पाठवते. केंद्राचा मेक इन इंडिया खरेदी आदेश २०१७ पासून आहे, पण त्यात देशी वाटा एकूण किमतीवरून मोजला जातो. मजुरी, फॉइल, खोकं, वीज, वाहतूक, नफा हे सगळं त्यात धरलं जातं, त्यामुळे आत परदेशी पावडर भरूनही माल देशी ठरू शकतो. औषधात असं मोजून चालत नाही. मोजायची ती पावडर.

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक निविदेत एपीआय बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि देश, आणि अँटिबायोटिकांच्या बाबतीत मूळ किण्वन कुठे झालं, हे लिहून घ्यावं आणि ती माहिती आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसावी. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. २०२३ पासून एपीआयच्या ड्रमवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून ३०० मोठ्या ब्रँडच्या पाकिटांवरही आहे, पण पाकिटावरच्या कोडमध्ये कारखाना, बॅच, परवाना यांची माहिती असते, पावडरीच्या उगमाची नसते. ड्रमवर माहिती आहे, पाकिटावर नाही. मधला दुवा निविदेत जोडता येईल. मग पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन घराण्यातली, तसंच क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनसारखी मोजकी औषधं निवडून, त्यांच्या खरेदीचा निदान एक तृतीयांश भाग मुळापासून देशात बनलेल्या मालासाठी राखावा. केंद्राच्या धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २५ टक्के खरेदी राखीव असते, तेव्हा हे तत्त्व नवं नाही. कंत्राट पाच वर्षांचं असावं, भाव मक्याच्या आणि विजेच्या दराशी जोडलेला असावा आणि पैसे ठरल्या मुदतीत मिळावेत. पाच वर्षांच्या ऑर्डरचा कागद हातात असेल तर बँक फर्मेंटरला, म्हणजे किण्वनाच्या टाकीला, कर्ज देते, अनुदानाच्या आश्वासनावर देत नाही.

आणखी एक काळजी घ्यावी लागेल. चीनऐवजी एकाच भारतीय कारखान्यावर विसंबणं हा काही उपाय नव्हे. तिथे आग लागली, संप झाला किंवा मालकानं भाव वाढवला तरी रुग्णाची अवस्था तीच. प्रत्येक औषधाला निदान दोन पुरवठादार आणि दोन वेगळे उगम असावेत, आणि त्यांतला एक परदेशी असायलाही हरकत नाही. आयातीशी माझं वैर नाही. एकाच दारावर उभं राहण्याशी आहे.

देशी म्हणजे चांगलं, असंही मी मानत नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरॉलनं १४ रुग्ण दगावले, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. तेच विष २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात सापडलं. तमिळनाडूच्या तपासणीत त्याचं प्रमाण ४८.६ टक्के निघालं. त्या मुलांपैकी कित्येक उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली गेली आणि तिथेच गेली. ते औषध देशीच होतं. तेव्हा राखीव वाटा हा ढिलाईचा परवाना होता कामा नये. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडूच्या औषधखरेदी महामंडळानं प्रत्येक बॅच तपासल्याशिवाय रुग्णालयाला न देण्याची शिस्त लावली आहे. आपल्याकडेही प्रत्येक बॅचचा अहवाल लोकांना पाहता यावा. नापास झालेल्या मालाच्या कारखान्याचं नावही.

प्रदूषणाबद्दल मला नाशिककर म्हणून बोललंच पाहिजे. अँटिबायोटिकचं सांडपाणी साधं सांडपाणी नसतं. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या पाण्यातही सिप्रोफ्लॉक्सॅसिन इतकं सापडलं की जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली. अशा पाण्यात औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात आणि मग महाग औषधंही निरुपयोगी ठरतात. चीनचा माल स्वस्त होता त्यामागे नद्यांचीही किंमत होती. आमच्या नासर्डीची, म्हणजे नंदिनीची, काय दशा झाली ते सातपूर-अंबडला राहणारे सगळे जाणतात, आणि ती पुढे गोदावरीलाच मिळते. म्हणून राखीव वाट्यासाठी पात्र ठरणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात अँटिबायोटिकचा अंश किती, हे मोजून घेण्याची अट निविदेत असावी. त्यानं भाव आणखी थोडा वाढेल. वाढू द्या. तो खर्च आज आपण देत नाही, नदीकाठचे लोक देतात.

नाशिकला यातून काय मिळेल, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे. येवला, चांदवड, मालेगावच्या बाजूला मका भरपूर पिकतो. २०२५-२६ साठी क्विंटलला २,४०० रुपये हमीभाव जाहीर झाला, तरी शेतकऱ्याला तो मिळवताना नाकी नऊ येतात. मक्यापासून स्टार्च, स्टार्चपासून ग्लुकोज, आणि स्टार्च काढताना उरणारं कॉर्न स्टीप लिकर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत पेनिसिलिनचं उत्पादन वाढलं त्यात याच लिकरचा मोठा वाटा होता. शेजारच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा उद्योग जुना आहे. फार्मसीची महाविद्यालयं नाशिकमध्ये मुबलक आहेत आणि फॉर्म्युलेशनचे कारखाने तर आहेतच. मधला दुवा, किण्वनाचा कारखाना, तेवढा नाही. तो इथेच यावा असा माझा हट्ट नाही. काकिनाड्याच्या पेनिसिलिनपासून नाशिकला कॅप्सूल भरल्या तरी मला चालेल. पण ती भरण्याचं कारण निविदेत असावं लागेल.

आता लगेच करता येण्याजोगी गोष्ट सांगते. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. कोट्यवधी माणसं येतील, पावसाळ्याचे दिवस असतील, जुलाब, ताप, घशाचे आणि जखमांचे संसर्ग यांची औषधं मोठ्या प्रमाणावर आधीपासून घ्यावी लागतील. ती खरेदी नेहमीच्या खरेदीपेक्षा वेगळी आणि मोठी असणार. त्या एका खरेदीपुरता हा प्रयोग करून पाहावा: अमॉक्सिसिलिन, क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडसह अमॉक्सिसिलिन आणि पॅरासिटामॉल या तीन औषधांसाठी उगमाचा रकाना, एक तृतीयांश राखीव वाटा आणि प्रत्येक बॅचची तपासणी. भाव किती वाढला, पुरवठा वेळेवर झाला का, किती बॅच नापास झाल्या, हे आकडे सिंहस्थानंतर जाहीर करावेत. माझा हिशोब चुकीचा असेल तर तोही त्यात दिसेल.

बेंझाथिन पेनिसिलिन मात्र या प्रयोगाची वाट पाहू शकत नाही. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आज त्याच्या किती कुप्या शिल्लक आहेत, पुढच्या सहा महिन्यांसाठी किती मागवल्या आहेत आणि त्यातली पावडर कोणत्या कारखान्याची आहे, याचं उत्तर मला आपल्याकडून हवं आहे. ते मला पत्रानं पाठवण्याची गरज नाही. संकेतस्थळावर टाकावं, म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही ते पाहता येईल.

आपली विश्वासू,
निवृत्त खरेदी अधिकारी, सातपूर, नाशिक